काकूंचे निनावी लेख आणि मी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे किती जुना, तर माझ्या पडद्याला मागे चांगलं मोठं पोक आहे, आणि कळ दाबल्यापासून मी नीट जागा होईपर्यंत माणसाचा कपभर चहा पिऊन होतो. माझ्या कळफलकावरची दोन अक्षरं पार पुसून गेली आहेत. पंखा फिरू लागला की मी घोरतो, असं घरातली माणसं म्हणतात. मला ते मान्य नाही, पण वाद घालत बसायचा माझा स्वभाव नाही. आज मला माझी गोष्ट सांगायची आहे. ती थोडी माझी आणि जास्त एका रफूवाल्या काकूंची आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका लांब टेबलाशी ओळीने उभ्या असत. एकीने माझ्यात पंखा बसवला, दुसरीने तारा जोडल्या, तिसरीने झाकण लावून स्क्रू पिळले आणि माझ्या पाठीवर एक थाप मारली. का मारली कोण जाणे, पण ती थाप मला आवडली. तिथून मी एका विम्याच्या कचेरीत लागलो. सहा वर्षं मी लोकांचे अर्ज सांभाळले. साहेब आल्यागेल्याला सांगत, "हा आमचा सगळ्यात भरवशाचा गडी." मी फुगून जायचो. मग एक दिवस चपटे, चकचकीत संगणक आले आणि भरवशाच्या गड्याची रवानगी अडगळीत झाली. माझ्या डोक्यावर मोडकी खुर्ची, खुर्चीवर जुन्या फायली. वर्षभर कुणी धूळसुद्धा झटकली नाही. त्या वर्षाबद्दल मी फारसं बोलत नाही.

काकू त्या कचेरीत साहेबांचा कोट द्यायला आल्या होत्या. कोटाच्या बाहीला ठिणगी उडून भोक पडलं होतं. साहेबांनी कोट खिडकीपाशी नेला, उलटा केला, सुलटा केला, चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला, पण भोक कुठे होतं ते त्यांना काही सापडेना.

"कमाल केलीत काकू! काय देऊ तुम्हाला?"

काकूंनी अडगळीच्या खोलीकडे बोट दाखवलं. "तो संगणक कुणाला नको असेल तर मला द्या."

अशा रीतीने एका बाहीच्या बदल्यात मी काकूंच्या घरी आलो. त्यांच्या मोठ्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, पुढे कित्येकदा म्हणाल्या, की याची किंमत एक भोक. मी ते मनाला लावून घेतलं नाही.

काकूंचं दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. उजेडासाठी टेबल खिडकीला चिकटवलेलं. भिंतीवर खुंट्या, खुंट्यांवर कोट आणि शाली, आणि प्रत्येकीवर टाचणीने लावलेली गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी. काका बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा घरी येत. वरच्या मजल्यावर वन्सं राहत. त्यांनी चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काम केलं होतं, म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका हुडकायचं काम. आता गुडघे धरल्यामुळे त्या सहसा खाली उतरत नसत. आवाज मात्र शाबूत होता. जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून त्या जे बोलत, ते समोरच्या दुकानदारालाही पाठ व्हायचं.

लोक काकूंना सारखं विचारत. स्वेटरचं कोपर कसं सांधायचं? कसर लागलेली शाल वाचेल का? काकू दहा जणांना दहा वेळा तेच सांगत. एकदा वरून आवाज आला, "अगं, घसा कोरडा करण्यापेक्षा एकदा लिहून टाक की! आणि म्हणावं, वाचा."

काकूंनी ते मनावर घेतलं. इंटरनेटवर त्यांनी एक ब्लॉग उघडला आणि त्याला 'रफू घरच्या घरी' असं साधं नाव दिलं. पहिला लेख लिहायला त्यांना अकरा दिवस लागले. काकू डावखुऱ्या. डाव्या हाताच्या एका बोटाने त्या एकेक अक्षर असं दाबत, की जणू ते कापडात बसवायचं आहे. मला घाई नव्हती. घाई मला कधीच झेपली नाही.

लेख झाला की काकू तो कागदावर छापत आणि जिन्यात लोंबणाऱ्या टोपलीत ठेवत. वन्सं दोरीने टोपली वर ओढून घेत. तासाभराने टोपली खाली येई ती लाल पेन्सिलीने माखलेला कागद घेऊन. "इथे वाचणाऱ्याला दम लागतो." "'अत्यंत' हा शब्द या पानावर सहा वेळा आला आहे. अत्यंत झालं." काकू हसत, चुका दुरुस्त करत आणि लेख ब्लॉगवर चढवत. तो तपासलेला कागद मात्र वन्सं परत मागून घेत. वाचलेलं प्रूफ टाकायचं नाही, ही छापखान्याची शिस्त. वर तारीख, खाली सही, आणि कागद फायलीत.

या कामात माझाही एक वाटा होता, मित्रांनो. छापलेल्या प्रत्येक पानाच्या तळाशी मी बारीक अक्षरात तारीख आणि वेळ उमटवत असे. ही माझी कचेरीतली सवय. काकूंना ती मुळीच आवडत नसे. "हे खाली काय घाण उमटतं!" असं त्या म्हणत, पण ती बंद कशी करायची हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. एकदा माझ्या घड्याळाची बटणाएवढी बॅटरी संपली आणि मी भलतीच तारीख छापून बसलो. वरून लगेच विचारणा झाली, "अगं, हा लेख छापला तेव्हा तुझं लग्न तरी झालं होतं का?" दुसऱ्याच दिवशी मला नवी बॅटरी मिळाली. वन्संच्या नजरेतून तारीखसुद्धा सुटत नसे.

बघता बघता एकेचाळीस लेख झाले. दूरदूरचे लोक ते वाचू लागले. कुणी आपल्या वडिलांचा कोट वाचवला, कुणी बाळाचं पांघरूण. त्यांची पत्रं माझ्याकडे येत आणि काकू ती मोठ्याने वर वाचून दाखवत. ते दिवस फार सुखाचे होते. मला तर असं वाटायचं, की विम्याच्या कचेरीत मी उगीच सहा वर्षं घालवली.

पण काकूंच्या हातून तीन चुका झाल्या, आणि तिन्ही रफूवालीच करील अशा होत्या.

रफू शिकवलं त्यांना त्यांच्या सासऱ्यांनी. दुकान त्यांचंच. काम असं करायचं की हात कुणाचा लागला ते कळता कामा नये, कापडावर आपली खूण ठेवायची नाही, ही त्यांची शिकवण. काकूंनी तीच रीत लिहिण्याला लावली आणि एकाही लेखाखाली नाव घातलं नाही. दुसरी चूक अशी, की रफू झाल्यावर सुटे धागे कापून टाकतात, तसे त्या लेखाचे सगळे कच्चे खर्डे माझ्या पोटातून पुसून टाकत. मी काही ठेवू पाहिलं तरी त्या शोधून काढत.

तिसरी चूक सगळ्यात महागात पडली. एका वाचक बाईंचं पत्र आलं. "तुम्ही लिहिलं आहे की 'डावीकडून सुरुवात करून उजवीकडे जा, म्हणजे हात मोकळा राहतो.' मी तसंच करते आहे, पण माझा हात सारखा आड येतो." काकूंनी कपाळावर हात मारला. आपण डावखुऱ्या आहोत हे लिहिताना त्या साफ विसरल्या होत्या. सगळ्या लेखांत त्यांनी दिशा आपल्या हाताप्रमाणे सांगितली होती. आता चुकलेलं रफू वरवर झाकायचं नाही, उसवून पहिल्यापासून घालायचं, हा त्यांचा धर्म. त्यांनी एकेचाळीसही लेख ब्लॉगवरून काढून टाकले, उजव्या हाताच्या माणसांसाठी पुन्हा लिहिले, आणि सात महिन्यांनी नव्याने चढवले. काम झकास झालं. पण प्रत्येक लेखावर आता नवी तारीख पडली, आणि जुन्या लेखांचा मागमूस उरला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी एका प्रकाशन संस्थेच्या संपादिकाबाईंनी काकूंचे लेख वाचले आणि त्यांचं पुस्तक करायचं ठरवलं. काकूंचे पाय जमिनीवर ठरेनात. त्या दिवशी त्यांनी एकाच कोटावर दोन गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या टाचल्या. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. आणि मग दुसरं पत्र आलं.

"आपले लेख 'वस्त्रगुरू' नावाच्या पानावर जवळजवळ शब्दशः आढळले. तिथे लेखकाचं नाव आहे, सर्व हक्क राखून ठेवल्याची सूचना आहे, आणि तारखा आपल्या लेखांच्या पाच महिने आधीच्या आहेत. दुसऱ्याचं लिखाण आम्हाला छापता येणार नाही. कृपया खुलासा करावा."

काकूंनी ते पत्र वर वाचून दाखवलं नाही. त्या माझ्यासमोर नुसत्या बसून राहिल्या. दुकानात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं आणि कंटाळून निघून गेलं. पुस्तक गेलं याचं त्यांना तितकं वाटत नव्हतं. पण आपल्याला कुणी चोर म्हणावं? लोकांच्या खिशात राहिलेल्या वस्तू चिठ्ठी लावून परत करणाऱ्या काकूंना? माझ्या पडद्यावर ते पत्र होतं आणि मला ते मिटवताही येईना. मला त्या दिवशी माझीच लाज वाटली.

"खाली एवढी शांतता का?" वरून आवाज आला. "कोण गेलं?"

मग काकूंनी रडत रडत सगळं सांगितलं. वर कपाटाचं दार करकरलं, आणि टोपली खाली आली. इतकी जड, की दोरी ताणली गेली होती.

"एकेचाळीस जुन्या लेखांची सगळी प्रूफं," वन्सं म्हणाल्या. "वर माझी तारीख, खाली त्या घोरणाऱ्याची. आता नाक पूस आणि कामाला लाग. मला एक सांग, त्या बाईचं पत्र आहे का तुझ्याकडे? हात आड येतो म्हणालेली?"

"आहे की. लोकांचं पत्र कसं टाकीन मी? लोकांचा माल तो!"

खरंच होतं. काकू आपलं लिखाण पुसत, पण गिऱ्हाइकाची चिंधीसुद्धा कधी टाकत नसत. ते पत्र माझ्यात जसंच्या तसं होतं. त्यात काकूंचं वाक्य उतरवलेलं होतं, आणि त्यावरची तारीख वस्त्रगुरूच्या पहिल्या लेखाच्याही दोन महिने आधीची होती. मित्रांनो, ते पत्र शोधून पडद्यावर आणताना मी जितका झटपट चाललो, तितका आयुष्यात कधी चाललो नसेन. तरी काकू म्हणाल्याच, "चल रे बाबा, चल."

काकूंनी कागदांचे फोटो आणि ते पत्र संपादिकाबाईंना पाठवलं. सोबत लिहिलं, "वस्त्रगुरूंच्या पानावर दिशा उलटी आहे, कारण त्यांनी माझे जुने लेख उतरवून घेतले, आणि त्यांत दिशा माझ्या डाव्या हाताची होती. खात्री वाटत नसेल तर त्यांना विचारून पाहा."

संपादिकाबाई मोठ्या हुशार. त्यांनी वस्त्रगुरूंना एकच प्रश्न विचारला आणि आलेलं उत्तर काकूंना पाठवून दिलं. काकूंनी ते जिन्यापाशी उभं राहून वाचलं.

"त्यांनी विचारलं, 'आपण डावखुरे आहात का?' आणि तो म्हणतो, 'नाही. का बरं?'"

वरून जे हसू ऐकू आलं, ते मी कधीच विसरणार नाही. समोरचा दुकानदारसुद्धा बाहेर येऊन पाहू लागला.

पुढे त्या गुरूंची बोलती बंद झाली. नजरचुकीने झालं, मदतनिसाने केलं, असं काहीबाही लिहून शेवटी त्यांनी प्रत्येक लेखाखाली 'इंटरनेटवरून साभार' अशी ओळ टाकली. काकू भडकल्या. त्यांनी लगेच संपादिकाबाईंना फोन लावला.

"इंटरनेटवरून म्हणजे काय? इंटरनेट बसलं होतं का सुई घेऊन?"

"काकू, रागावू नका," बाई म्हणाल्या, "पण तो नाव तरी कुणाचं घालणार? तुमच्या लेखांवर नावच नाही."

"आमच्यात कामावर खूण ठेवत नाहीत हो."

"कोट गिऱ्हाइकाचा असतो, काकू. लेख तुमचा आहे."

काकूंनी फोन ठेवला. मग माझ्याकडे वळल्या आणि पहिल्या लेखाखाली त्यांनी आपलं संपूर्ण नाव लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. त्याखाली पहिल्यांदा लेख लिहिला ती तारीख टाकली, वन्संच्या फायलीत पाहून. मग नव्या लेखनाची तारीख. आणि खाली एक ओळ: हा लेख कुठे घ्यायचा असेल तर मला विचारा, आणि नाव घालून घ्या. एकेचाळीस लेखांना असं करायला चार दिवस लागले. वस्त्रगुरूंनाही कळवलं. त्यांनी मुकाट्याने नाव घातलं.

शेवटचा कागद टोपलीतून वर गेला, आणि वरून आवाज आला तो वेगळा होता.

"सगळं ठीक आहे. पण बाबांचं नाव कुठाय?"

काकू चपापल्या. बाबा म्हणजे वन्संचे वडील, काकूंचे सासरे. कापडाच्या आतल्या दुमडीतून त्याच रंगाचे धागे काढून घ्यायचे, ओल्या बोटाने पीळ द्यायचा, या सगळ्या खुब्या त्यांच्याच. काकूंनी त्या एकेचाळीस लेखांत सांगितल्या होत्या, आणि शिकवणाऱ्याचा उल्लेख एका शब्दानेही केला नव्हता.

"वन्सं, मी काही मुद्दाम..."

"मुद्दाम नाहीच गं. त्यांनाही चाललं असतं. मला चालत नाही."

काकूंना मनापासून वाईट वाटलं, आणि त्यांनी ते तसंच बोलूनही दाखवलं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर सासऱ्यांचं नाव आलं, ते असं. त्याच पानावर काकूंनी आणखी एक ओळ लिहिली, मुद्रितशोधन असा शब्द आणि पुढे वन्संचं नाव. ते पान वर गेलं तेव्हा मात्र भांडण झालं.

"हे काय नसतं? मुद्रितशोधकाचं नाव कोण छापतं? चाळीस वर्षांत कुणी छापलं नाही."

"कुणी छापलं नाही, म्हणून मीही नको छापू?"

मग वन्सं म्हणाल्या, "उगीच आपलं काहीतरी." पण आवाज त्यांच्या नेहमीच्या मापाचा नव्हता. तो समोरच्या दुकानापर्यंत काही गेला नसेल.

पुस्तक निघालं. लोकांनी वाखाणलं. काकूंना काकांनी बोटीवरून येताना एक नवा, पातळ संगणक आणला, आणि मला वाटलं, झालं, पुन्हा मोडकी खुर्ची आणि जुन्या फायली. पण तसं झालं नाही. दोन माणसांनी मला उचलून वरच्या मजल्यावर नेलं. वन्संनी स्वतः माझ्या पंख्यातली धूळ काढली आणि मला खिडकीपाशी जागा दिली. मी सुखात आहे.

मित्रांनो, तुमच्याजवळ सांगण्यासारखं काही असेल तर जरूर लिहा. पण लिहाल तेव्हा त्याखाली नाव घाला, तारीख घाला, आणि कच्चे कागद जपून ठेवा. त्यात फुशारकी नाही. आणि जे दुसऱ्याकडून शिकलात किंवा घेतलंत, तिथे त्याचं नाव घालायला कधी विसरू नका. विचारून घेतलेल्या गोष्टीला कुणी नाही म्हणत नाही, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे. आणि हो, घरातल्या जुन्या यंत्राला अडगळीत टाकण्याआधी त्याच्या पोटात कुणाची पत्रं आहेत का, ते एकदा बघा.

आता मला थांबलं पाहिजे, कारण वन्सं चष्मा पुसून माझ्यासमोर येऊन बसल्या आहेत. छापखान्यातल्या चाळीस वर्षांबद्दल त्यांना काही लिहायचं आहे. काय लिहिणार ते मला अजून ठाऊक नाही, त्यांनाही नसावं. पण त्यांनी कोऱ्या पानावर सगळ्यात आधी स्वतःचं नाव लिहिलं आहे, आणि मघापासून त्या ते एकच नाव पुन्हा पुन्हा तपासत आहेत.